पद्म पुरस्कार आणि गावातील गुणवंतांची नोंद

दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला केंद्र शासनातर्फे पद्म पुरस्कारांची यादी जाहीर करण्यात येते. हे पुरस्कार मोठ्या शहरांतील कलावंत, वैद्य आणि उद्योगपती यांच्यासाठीच असतात, अशी खेड्यातील बहुतेकांची समजूत आहे. ती खरी नाही. शेतकऱ्यांची व गावकामगारांची नावे या यादीत आलेली आहेत. मात्र ती फार थोडी आहेत, आणि याचे एक कारण गावातच शोधावे लागते.

या पुरस्कारांची स्थापना 1954 साली झाली. त्या वर्षी भारतरत्न व पद्मविभूषण असे दोन सन्मान निर्माण करण्यात आले आणि पद्मविभूषणाचे पहिला, दुसरा व तिसरा असे वर्ग पाडण्यात आले. पुढील वर्षी या तीन वर्गांना पद्मविभूषण, पद्मभूषण व पद्मश्री अशी आजची नावे मिळाली. 1977 साली हे पुरस्कार बंद झाले व 1980 मध्ये पुन्हा सुरू झाले. 1993 ते 1997 या वर्षांतही न्यायालयीन प्रकरणामुळे ते दिले गेले नाहीत. राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने किताब रद्द केले असताना असे पुरस्कार देता येतील काय, हा तो वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1995 मध्ये निर्णय दिला की हे सन्मान म्हणजे किताब नव्हेत; परंतु मानकऱ्याने ते आपल्या नावाच्या मागे वा पुढे लावू नयेत. लोकव्यवहारात मात्र हा नियम फारसा पाळला जात नाही. सहकारी साखर कारखानदारीचे आद्य प्रवर्तक विठ्ठलराव विखे पाटील यांना 1961 साली पद्मश्री मिळाली, आणि प्रवरानगरच्या कारखान्याच्या नावातच ती जाऊन बसली आहे.

पुरस्काराबरोबर राष्ट्रपतींच्या सहीची सनद व पदक मिळते. रोख रक्कम मिळत नाही व प्रवासाची सवलतही नाही. मरणोत्तर सन्मान आणि परदेशस्थ मानकरी वगळता एका वर्षी 120 पेक्षा अधिक पुरस्कार देता येत नाहीत. डॉक्टर व शास्त्रज्ञ सोडून इतर सरकारी नोकर त्यास पात्र नसतात. म्हणजे ग्रामसेवकाने दुसऱ्याचे नाव सुचवावे, त्याचे स्वतःचे नाव नोकरीत असेतोवर येणार नाही.

आपल्या राज्यातील काही उदाहरणे पाहू. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे हे आदिवासी गाव आहे. तेथील श्रीमती राहीबाई पोपेरे या शाळेत गेलेल्या नाहीत. वाल, घेवडा, भात यांचे गावठी वाण त्यांनी घरी जपले, शेजारणींना वाटले आणि ‘बायफ’ या संस्थेच्या साहाय्याने बियाणे बँक उभी केली. त्यांना 2020 ची पद्मश्री जाहीर झाली. महामारीमुळे तो समारंभ लांबला व नोव्हेंबर 2021 मध्ये पार पडला. त्याच वर्षीच्या यादीत हिवरे बाजारचे श्री. पोपटराव पवार होते. 1989 साली सरपंच झाल्यावर त्यांनी गावकऱ्यांच्या श्रमदानातून मृद्‌संधारण व जलसंधारणाची कामे करविली. तेथे पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि मगच रब्बीची पिके ठरतात. ज्या गावाचा हिशोब असा लिहिलेला आहे, त्याच्या कामाविषयी परक्या माणसालाही शंका उरत नाही.

विदर्भातील बेलोरा (जि. अमरावती) येथील श्री. सुभाष पाळेकर यांना 2016 साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या नैसर्गिक शेतीच्या पद्धतीविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पुरस्कार हा व्यक्तीच्या कार्याचा गौरव असतो. त्याने एखाद्या पद्धतीच्या उत्पन्नाची हमी मिळत नाही. कोणतीही नवी पद्धत शेतकऱ्याने प्रथम थोड्या क्षेत्रावर करून पाहावी, हा नियम येथेही सोडू नये.

आता एक न आलेले नाव. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे. तेथील अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना 1983 च्या सुमारास धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या निराळ्या काढल्या, पुढील हंगामात वेगळ्या पेरल्या, आणि वर्षानुवर्षे निवड करीत बारीक दाण्याचा नवा वाण सिद्ध केला. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला एच.एम.टी. हे नाव पडले. हा तांदूळ विदर्भाबाहेरही दूरवर पोहोचला. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने 2005 साली त्यांचा गौरव केला. परंतु पद्म पुरस्कारांच्या यादीत त्यांचे नाव आले नाही. 2018 साली त्यांचे निधन झाले. हे पुरस्कार सामान्यतः मरणोत्तर दिले जात नाहीत.

नाव कोणी सुचवावे, असा प्रश्न येथे येतो. राज्य शासने, मंत्रालये व मान्यवर संस्था तर सुचवितातच, पण कोणाही नागरिकास दुसऱ्याचे किंवा स्वतःचेही नाव पाठविता येते. अर्ज राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवरच भरावा लागतो. 2026 च्या पुरस्कारांसाठी 15 मार्च ते 31 जुलै 2025 ही मुदत होती. पुढील मुदत त्या त्या वर्षी पाहून घ्यावी. आलेल्या नावांची छाननी पंतप्रधानांनी नेमलेली समिती करते. मंत्रिमंडळ सचिव तिचे अध्यक्ष असतात. तिच्या शिफारशी पंतप्रधान व राष्ट्रपती यांच्यापुढे जातात.

अर्जासोबत जास्तीत जास्त 800 शब्दांत कार्याचे वर्णन द्यावे लागते, आणि गावाकडचे अर्ज बहुधा येथेच लंगडे पडतात. ‘थोर समाजसेवक’, ‘गोरगरिबांचे कैवारी’ अशा विशेषणांनी पान भरते, पण काम कोणत्या वर्षी सुरू झाले, पूर्वी काय स्थिती होती, किती एकरांवर व किती कुटुंबांत ते पसरले, हे त्यात नसते. दिल्लीतील समितीने तो शेतकरी पाहिलेला नाही. तिच्यापुढे फक्त कागद असतो. म्हणून अशी माहिती मुदतीच्या आठवड्यात गोळा न करता वर्षभर नोंदवहीत उतरवीत जावी. तीत पेरणीची तारीख, वाणाचे नाव, बियाणे नेणाऱ्यांची गावे व विहिरीच्या पाण्याची पातळी लिहावी. छायाचित्रामागे दिनांक घालावा.

नागपूरला लागून असलेल्या बेसा, पिपळा, घोगली या बाजूला तर हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. येथील शेतांवर ले-आउट पडले, इमारती उभ्या राहिल्या, आणि बेसा-पिपळा येथे नगरपंचायत आली. शेत विकले गेले की त्या शेताची माहिती असलेला माणूसही शेतकरी म्हणून कोणाच्या लक्षात राहत नाही. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरणारा हात, जवस व लाखोळीचे घरचे बी राखणारी वृद्धा, कोणत्या विहिरीला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी टिके हे सांगणारा म्हातारा, यांपैकी एखाद्यालाही पद्मश्री मिळेलच असे नाही. पण नोंद झाली तर ती माहिती शेजारच्या शेतकऱ्याला या हंगामातच उपयोगी पडेल. गावपातळीवरील कार्यकर्त्याने दर महिन्याला अशा एका व्यक्तीच्या घरी जावे, सोबत वही न्यावी, आणि लिहिलेले परत वाचून दाखवून चुका दुरुस्त करून घ्याव्यात.