जुन्या पिकअप गाडीची शक्ती का घटते?

भाजीपाला, दूध, फळे असा नाशवंत माल वेळेवर बाजारात पोचविण्यासाठी गावोगावी डिझेलवर चालणाऱ्या पिकअप गाड्या वापरल्या जातात. गाडी जुनी झाली, की पूर्वी तिसऱ्या गिअरवर चढणारा चढ ती दुसऱ्यावर चढू लागते आणि ‘गाडी ओढत नाही’ अशी तक्रार सुरू होते. अशा वेळी इंजिन संपले असे समजून ते खोलण्याची घाई केली जाते. पिस्टन, रिंगा व लायनर बदलण्याचा खर्च मोठा असतो. शिवाय ऐन हंगामात गाडी कित्येक दिवस उभी राहते. वस्तुतः शक्ती घटण्याची पुष्कळशी कारणे इंजिनाच्या बाहेर असतात व ती अल्प खर्चात दूर होतात. यास्तव तपासणी नेहमी सोप्याकडून अवघडाकडे करीत जावी.

इंजिनास काय लागते?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, त्या दाबाने हवा तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल याने १८९७ मध्ये याच तत्त्वावरील इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. म्हणजेच शक्तीसाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत : भरपूर हवा, स्वच्छ व पुरेसे डिझेल, आणि सिलिंडरमधील पुरेसा दाब. एक लिटर डिझेल पूर्णपणे जळण्यास सुमारे १०,००० लिटर हवा लागते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तेथील हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे एक अष्टमांशाने विरळ असते. त्यामुळे टर्बो नसलेली गाडी तेथे काहीशी मंद चालणे स्वाभाविक आहे. तो दोष नव्हे. तोच चढ तेवढ्याच मालासह पूर्वीपेक्षा सावकाश चढू लागला, तरच दोष शोधावा.

दोष इंजिनातच आहे काय?

प्रथम टायरमधील हवा व गाडीतील माल नेमून दिलेल्या प्रमाणात आहे याची खात्री करावी. नंतर पाच-सहा किलोमीटर गाडी चालवून थांबवावी आणि प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन, स्पर्श न करता, उष्णता अजमावावी. एखादे चाक इतरांपेक्षा फार तापले असल्यास तेथील ब्रेक धरून राहत आहे असे समजावे.

चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, व जळका वास येतो, अशी लक्षणे असल्यास क्लच घसरत असतो. सपाट व मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट ओढून, सुरू इंजिनावर वरचा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच ठीक. चालूच राहिले तर क्लच झिजलेला आहे. ही परीक्षा वारंवार करू नये.

तिसरी तपासणी विनाखर्चाची आहे. इंजिन बंद ठेवून एकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा व दुसऱ्याने पंपावरील दांडा शेवटपर्यंत जातो की नाही ते पाहावे. केबल सैल झाल्यास दांडा अर्ध्यातच थांबतो.

धुराची खूण

इंजिन गरम झाल्यावर, माल भरलेल्या स्थितीत चढावर धुराचा रंग पाहावा.

काळा धूर : हवा कमी अथवा डिझेल जास्त. एअर फिल्टर, हवेच्या नळ्या व नोझल तपासावेत.

धूर नाही, तरी शक्ती कमी : डिझेल पुरेसे पोचत नाही. टाकीपासून पंपापर्यंतचा मार्ग तपासावा.

निळसर धूर : इंजिन ऑइल जळत आहे. रिंगा, व्हॉल्व्ह अथवा टर्बो झिजलेला असू शकतो.

पांढरा धूर : डिझेल न जळता बाहेर पडत आहे. रेडिएटरमधील पाणीही कमी होत असल्यास ते सिलिंडरमध्ये शिरत असण्याचा संभव असतो. मग गाडी चालवू नये.

हवा व डिझेल यांचा मार्ग

कागदी एअर फिल्टर आतून बाहेर अशा दिशेने हलक्या हवेने साफ करावा. अंधारात त्याच्या आत दिवा धरावा. उजेड दिसत नसेल तर फिल्टर बदलावा, आणि एखाद्या छिद्रातून प्रखर किरण आला तरीही बदलावा. फिल्टर काढून गाडी कधीही चालवू नये. धुळीने रिंगा व लायनर लवकर झिजतात. टर्बो असल्यास त्याच्या रबरी नळीची पकड सैल नाही ना, तेही पाहावे.

डिझेलसाठी प्रथम टाकीचे झाकण पाहावे. त्यातील हवेचे छिद्र बुजले असल्यास काही अंतर गेल्यावर शक्ती घटते, आणि झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज येऊन गाडी पूर्ववत चालते. त्यानंतर फिल्टरखालील पाणी काढून टाकावे, जुना फिल्टर बदलावा, फीड पंपाची जाळी धुवावी व नळीतील हवा काढावी. घाणेरड्या कॅनमधून डिझेल भरणे हे फिल्टर तुंबण्याचे नेहमीचे कारण होय.

शेवटची तपासणी

एवढ्यानेही सुधारणा न झाल्यास नोझल, टॅपेटचे अंतर व पंपाचे टायमिंग कुशल मिस्त्रीकडून तपासून घ्यावे. सकाळी गाडी सुरू होण्यास त्रास होणे, ऑइल जास्त लागणे आणि ब्रीदरमधून जोराने वाफ येणे ही लक्षणे एकत्र आढळली, तर प्रत्येक सिलिंडरचा दाब मापकाने मोजावा. दाब कमी ठरल्यावरच इंजिन खोलण्याचा निर्णय घ्यावा.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. पंपाचे सील तोडून डिझेल वाढविल्याने काही काळ गाडी जोरात चालते. परंतु हवा तेवढीच असल्याने काळा धूर येतो, उष्णता वाढते व पिस्टन जळण्याची भीती असते. तसेच सुरू इंजिनावर नोझलची नळी सैल करून बोटाने गळती शोधू नये. डिझेलची बारीक धार कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी त्वरित रुग्णालयात जावे. कॉमन रेल पद्धतीच्या गाड्यांत तर दाब हजार बारहून अधिक असतो. तेथे दोषसंकेत वाचणाऱ्या उपकरणानेच तपासणी करवावी.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी गाडीमालकांना एक लहान वही ठेवण्यास सांगावे. तीत डिझेल, किलोमीटर, ऑइल व फिल्टर बदलल्याची तारीख लिहावी. शक्ती एकाएकी घटली तर बहुधा काहीतरी तुंबलेले, तुटलेले किंवा सैल झालेले असते. महिनोन्‌महिने हळूहळू घटली तर झीज अथवा साचलेली घाण संभवते. हा फरक वहीवरून सहज कळतो, आणि मिस्त्रीकडे जाण्यापूर्वीच निम्मे निदान झालेले असते.