जिना आधी पायाला पटू दे

परवा एका ओळखीच्यांच्या नव्या रो-हाउसमध्ये गेले होते. जिना देखणा, सागवानी कठडा. पण उतरताना शेवटच्या पायरीला पाय दणकन आपटला.

टेप लावली. सगळ्या पायऱ्या सात इंच उंच, ही एकटीच पाच! जिना ओतताना खालच्या फरशीची जाडी धरलीच नव्हती. दोन-तीन पायऱ्यांतच पायाला उंचीची सवय होते आणि मग फरक पडला की तोल जातो.

सतराव्या शतकातल्या फ्रेंच वास्तुविशारद ब्लोंदेलचं सूत्र आजही उपयोगी पडतं. उंचीची दुप्पट अधिक पायरीची रुंदी, बेरीज साधारण 60 ते 64 सेंटिमीटर. म्हणजे उंची 17, रुंदी 28.

आधी ही मापं जुळवा, कठड्याची काच, एलईडी नंतर बघा!

तुमच्या जिन्याची मापं कमेंटमध्ये टाका, सूत्रात बसतात का ते नक्की सांगते.