एका हाती दप्तर, एका हाती रॅकेट

शाळा-कॉलेजातला खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असे आजही अनेक घरांत मानले जाते. चेन्नईतल्या नुंगंबाक्कम या भागाचा पाऊणशे वर्षांचा टेनिसचा इतिहास मात्र काही वेगळेच सांगतो.

जून महिना उजाडतो, मुलगा किंवा मुलगी दहावीत जाते आणि घरात पहिली कुऱ्हाड कोसळते ती खेळावर. बॅट माळ्यावर जाते, रॅकेट कपाटामागे सरकते आणि भिंतीवर क्लासच्या वेळांचा तक्ता लागतो. "एकदा बारावी होऊ दे, मग हवे तेवढे खेळ," असे आईवडील समजावतात. हा 'मग' बहुधा कधी उगवतच नाही. बारावीनंतर प्रवेशाची धावपळ, त्यानंतर नोकरी, त्यानंतर संसार! पन्नाशीच्या एखाद्या गृहस्थांना मात्र सहज विचारून पाहा. बीजगणितात किती गुण मिळाले होते ते त्यांना आठवणार नाही; पण शाळेच्या संघातून खेळलेला आंतरशालेय सामना, त्यातला शेवटचा गुण आणि मैदानाबाहेर उभे असलेले पी.टी.चे सर, हे सारे त्यांना जसेच्या तसे आठवेल.

खेळाने खरोखरच मुलांचे नुकसान होते का? या प्रश्नाचे उत्तर शोधायला चेन्नईसारखे शहर चांगले. हे शहर शिक्षणाच्या बाबतीत आपल्या पुण्याइतकेच कडक. तिथेही मुलाच्या गुणपत्रिकेवर सगळ्या घराची नजर असते. तरीही याच शहरातल्या एका भागाने देशाला टेनिसच्या दोन-तीन पिढ्या दिल्या, आणि त्या दिल्या त्या शाळा-कॉलेजच्या वयात.

प्राचार्यांनी उघडलेले दार

चेन्नई बीच ते तांबरम या लोकल मार्गावर नुंगंबाक्कम नावाचे स्टेशन आहे. स्टेशनाला लागूनच लोयोला कॉलेजचा प्रशस्त परिसर. फादर फ्रान्सिस बर्ट्राम या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूंनी १९२५ साली हे कॉलेज सुरू केले. त्यांच्या नावाने भरणारी बर्ट्राम स्पर्धा जुन्या मद्रासमध्ये मोठ्या मानाची समजली जाई. टेनिसच्या या स्पर्धेत भाग घ्यायचा तर खेळाडू कॉलेजचा विद्यार्थी हवा, असा नियम होता.

एके वर्षी एका शाळकरी मुलाला या स्पर्धेत उतरायचे होते. त्याचे नाव रामनाथन कृष्णन. जन्म ११ एप्रिल १९३७, नागरकोईलचा. या मुलाचे महाराष्ट्राशीही एक नाते होते. त्याचे वडील टी. के. रामनाथन हे नागपूरला राहून खेळलेले नावाजलेले टेनिसपटू. मुलाचे पहिले गुरूही तेच. लहानग्या कृष्णनने लोयोलाच्या प्राचार्यांकडे खास परवानगी मागितली. नियमावर बोट ठेवून नाही म्हणणे त्यांना अगदी सोपे होते. कोणी त्यांना दोषही दिला नसता. पण त्यांनी मुलाला खेळू दिले. १९५१ साली त्या शाळकरी पोराने कॉलेजच्या तरुणांना हरवून स्पर्धा जिंकली! पुढे तो शिकायलाही लोयोलातच आला.

त्यानंतरचा इतिहास प्रसिद्धच आहे. १९५३ साली विंबल्डनच्या कुमार गटात कृष्णन अंतिम फेरीत हरला. पुढच्याच वर्षी, वयाच्या सतराव्या वर्षी, ऑस्ट्रेलियाच्या ॲशली कूपरला नमवून त्याने ते विजेतेपद मिळवले. हा मान मिळवणारा तो पहिला आशियाई खेळाडू. १९६० आणि १९६१ अशी सलग दोन वर्षे विंबल्डनच्या पुरुष एकेरीत त्यांनी उपान्त्य फेरी गाठली. एका प्राचार्यांच्या होकाराने हे सारे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्या वयात 'खेळ, आम्ही आहोत' असे मोठ्या माणसांनी म्हणण्याला फार मोल असते, हे खरे.

हरलेल्याची गोष्ट

याच कृष्णनशी आपल्या सांगलीच्या एका मुलाची गाठ पडली होती. त्याचे नाव नंदू नाटेकर. नाटेकर म्हटले की बॅडमिंटनच आठवते, परंतु मुळात त्यांना टेनिसचीही तेवढीच ओढ होती. १९५१-५२ च्या सुमारास राष्ट्रीय कुमार टेनिस स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत ते पोहोचले. समोर कृष्णन होता, वयाने चार वर्षांनी लहान. नाटेकर हरले.

अशा वेळी घरोघरी काय बोलले जाते ते सर्वांनाच ठाऊक आहे. "झाली ना हौस? आता पुस्तक उघड!" नाटेकरांनी टेनिस बाजूला ठेवले खरे, पण खेळ सोडला नाही. त्यांनी बॅडमिंटनवर सारे लक्ष केंद्रित केले. १९५६ साली मलायातली सेलांगर स्पर्धा जिंकून ते आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. पुढे १९६१ साली सरकारने अर्जुन पुरस्कार सुरू केला, तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत टेनिसचे रामनाथन कृष्णन होते आणि बॅडमिंटनचे नंदू नाटेकरही होते. कुमार वयात जाळीच्या दोन बाजूंना उभी राहिलेली ही दोन मुले दहा वर्षांनी एकाच यादीत आली.

गोष्ट इथेच संपत नाही. नाटेकरांचा मुलगा गौरव टेनिसकडे वळला. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई खेळांत त्याने लिअँडर पेसच्या साथीने पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक पटकावले. वडिलांच्या हातून निसटलेला खेळ मुलाने असा घरात परत आणला.

आईची जिद्द

कृष्णन यांच्यानंतर लोयोलात शिकलेले दुसरे मोठे नाव म्हणजे विजय अमृतराज. आनंद, विजय आणि अशोक हे तिघे भाऊ. तिघेही विंबल्डनला खेळले. त्यांपैकी विजय लहानपणी अतिशय आजारी असे. श्वासाचा त्रास, इस्पितळाच्या वाऱ्या आणि बुडणारी शाळा. अशा मुलाला आपण काय करू? थंड हवा नको, ऊन नको, दमणूक तर नकोच, असे म्हणत घरात जपून ठेवू. त्याची आई मॅगी यांनी उलट केले. मोकळ्या हवेत खेळून मुलाची प्रकृती सुधारेल, या आशेने विजयच्या हाती रॅकेट आली. आईने अभ्यासही मागे पडू दिला नाही आणि टेनिसही सुटू दिले नाही.

हाच मुलगा १९७३ साली विंबल्डन आणि अमेरिकन ओपन या दोन्ही स्पर्धांत उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत गेला. अमेरिकेत तर त्याने रॉड लेव्हरसारख्या दिग्गजाला हरवले. २०२४ साली आंतरराष्ट्रीय टेनिस 'हॉल ऑफ फेम'मध्ये विजय अमृतराज आणि लिअँडर पेस यांचा समावेश झाला. हा सन्मान मिळालेले ते पहिले आशियाई पुरुष.

लिअँडर पेसचे नाव इथे योगायोगाने आलेले नाही. अमृतराज कुटुंबाने १९८५ साली मद्रासमध्ये एका उद्योगसमूहाच्या साहाय्याने होतकरू मुलांसाठी प्रशिक्षण योजना सुरू केली. निवडलेली मुले एकत्र राहत, शाळेत जात आणि शाळेव्यतिरिक्तच्या वेळेत कोर्टवर घाम गाळत. शाळा की खेळ, हा प्रश्नच तिथे कोणी विचारत नव्हते. कलकत्त्याहून आलेला लिअँडर याच योजनेत घडला. १९९० मध्ये त्याने विंबल्डनचे कुमार विजेतेपद मिळवले आणि १९९६ मध्ये अटलांटा ऑलिम्पिकचे कांस्यपदक.

केवळ टेनिसच कशाला? बुद्धिबळाचा विश्वविजेता विश्वनाथन आनंद हाही लोयोलाचाच बी.कॉम. १९८७ साली तो जागतिक कुमार विजेता झाला, तेव्हा त्याचे शिक्षण चालूच होते. वह्या-पुस्तके आणि पट, दोन्ही त्याने सांभाळले.

बाप तसा बेटा

कृष्णन यांच्या घरातही टेनिसचा वसा पुढे गेला. मुलगा रमेश आजोबांच्या आणि वडिलांच्या नजरेखाली तयार झाला. वडिलांनी १९५४ मध्ये जिंकलेले विंबल्डनचे कुमार विजेतेपद रमेशने बरोबर पंचवीस वर्षांनी, १९७९ मध्ये, पुन्हा घरी आणले.

डेव्हिस चषकातही तेच घडले. डिसेंबर १९६६ मध्ये कलकत्त्याला भारत विरुद्ध ब्राझील ही लढत २-२ अशी बरोबरीत होती. शेवटच्या सामन्यात टॉमाझ कॉक कृष्णन यांच्यावर दोन सेट विरुद्ध एक असा आघाडीवर होता आणि चौथ्या सेटमध्ये ५-२ ने पुढे होता. सारे संपल्यात जमा होते. कृष्णन यांनी तो सेट ७-५ असा खेचून आणला, पाचवाही जिंकला आणि भारत प्रथमच डेव्हिस चषकाच्या अंतिम लढतीत पोहोचला. एकवीस वर्षांनी, १९८७ मध्ये, सिडनीच्या हिरवळीवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध पुन्हा २-२ अशी बरोबरी झाली. या वेळी शेवटच्या सामन्यात रमेश होता. त्याने वॉली मासूरला हरवले आणि भारत पुन्हा अंतिम फेरीत गेला. दोन्ही वेळा चषक हुकला, पण ते दोन दिवस भारतीय टेनिस कधीच विसरणार नाही.

नुंगंबाक्कमहून बालेवाडीला

१९९५ साली दक्षिण आशियाई खेळांच्या निमित्ताने नुंगंबाक्कममध्ये टेनिसचे स्टेडियम उभे राहिले. १९९७ पासून २०१७ पर्यंत दरवर्षी तिथे चेन्नई ओपन ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरत असे. पॅट्रिक राफ्टर, कार्लोस मोया, स्टॅन वावरिंका असे नामांकित खेळाडू ती जिंकून गेले. २०१८ मध्ये हीच स्पर्धा पुण्याच्या बालेवाडीत आली आणि २०२३ पर्यंत ती महाराष्ट्राची होती.

नुंगंबाक्कमच्या या कोर्टवर २००९ साली सोमदेव देववर्मनने सर्वांना चकित केले. गुवाहाटीत जन्मलेला हा मुलगा चेन्नईत शिकला आणि पुढे अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात गेला. अमेरिकेत कॉलेजचा खेळ ही फार गांभीर्याने घेण्याची गोष्ट आहे. बेसबॉल असो, बास्केटबॉल असो की टेनिस, चांगल्या खेळाडूला विद्यापीठ शिष्यवृत्ती देते आणि वर्गातली प्रगतीही तपासते. अभ्यासात ठरलेली पातळी राखली नाही, तर खेळाडूला संघात उभे राहता येत नाही. सोमदेवने २००७ आणि २००८ अशी सलग दोन वर्षे तिथले आंतरविद्यापीठ एकेरी विजेतेपद मिळवले. पदवीनंतर तो चेन्नईत आला, खास प्रवेशिकेवर स्पर्धेत उतरला, दोनदा ही स्पर्धा जिंकलेल्या मोयाला हरवले आणि थेट अंतिम फेरीत धडकला. कॉलेजच्या वर्षांनी त्याला मागे ओढले नव्हते, तयार केले होते.

मुलींनाही हे मैदान परके नाही. २०२२ साली याच स्टेडियममध्ये महिलांची चेन्नई ओपन झाली, तेव्हा विजेती ठरलेली लिंडा फ्रुह्विर्तोव्हा ही चेक मुलगी अवघ्या सतरा वर्षांची होती. आपल्याकडे ते अकरावी-बारावीचे वय. खेळ बंद करण्याचे!

हिशेब कशाचा मांडायचा?

इथे कोणी म्हणेल, "ही सारी थोरांची उदाहरणे झाली. सगळीच मुले काही कृष्णन होत नाहीत." अगदी बरोबर. टेनिस खर्चिक आहे. रॅकेट, चेंडू, प्रवास, प्रशिक्षकांचे शुल्क, हे प्रत्येक घराला झेपेल असे नाही. शिवाय शेकड्यांनी मुले खेळतात, तेव्हा एखादाच नाव काढतो. दुखापत झाली तर तेवढेही नाही. कृष्णन १९६२ साली विंबल्डनला चौथे मानांकन मिळवून उतरले आणि पायाच्या दुखापतीने त्यांना माघार घ्यावी लागली.

मात्र हिशेब फक्त पदकांचाच मांडायचा का? १९५९ मध्ये जॅक क्रेमर यांनी कृष्णन यांना व्यावसायिक खेळाडू होण्यासाठी तीन वर्षांचे दीड लाख डॉलर देऊ केले होते. त्या काळी व्यावसायिकांना विंबल्डन आणि डेव्हिस चषकाचे दरवाजे बंद असत. कृष्णन यांनी नकार दिला आणि ते देशासाठी खेळत राहिले. निवृत्तीनंतर त्यांनी चेन्नईत गॅस वितरणाची एजन्सी चालवली. विंबल्डनच्या उपान्त्य फेरीचा मानकरी आपल्या शहरात साधेपणाने सिलिंडरचा व्यवसाय सांभाळतो, यात खेळाने दिलेले काहीतरी नक्कीच आहे. जिंकल्यावर डोके ठिकाणावर ठेवणे आणि ५-२ ने मागे असतानाही पुढच्या चेंडूकडे पाहणे, हे कुठल्याही क्लासच्या तक्त्यात नसते.

पालकांनी करायचे ते फार अवघडही नाही. दहावीचे वर्ष असले तरी संध्याकाळचा एक तास मैदानासाठी राखून ठेवता येतो. स्पर्धेमुळे चाचणी बुडणार असेल, तर शाळेत जाऊन शिक्षकांशी आधीच बोलता येते. आपल्या राज्य मंडळाच्या परीक्षांत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, त्याची चौकशी वेळेवर करता येते. आणि मूल हरून घरी आले, तर "झाली ना हौस?" हे वाक्य गिळून, गरम जेवणाचे ताट पुढे ठेवता येते.

सांगलीचा एक मुलगा एका अंतिम फेरीत हरला. त्याच संध्याकाळी त्याचा खेळच बंद झाला असता, तर भारतीय बॅडमिंटनला नंदू नाटेकर मिळालेच नसते.