दोन पायांचा सौदा

बाजारात वस्तूची खरेदी-विक्री होते, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु दोन भावांमधील फरकाचीही खरेदी-विक्री होते, हे सामान्य ग्राहकाच्या सहसा ध्यानी येत नाही. वायदे बाजारात अशा व्यवहाराला ‘स्प्रेड’ म्हणतात. त्यातील प्रत्येक करार म्हणजे त्या व्यवहाराचा एक ‘लेग’, अर्थात एक पाय. भाव वर जाईल की खाली, या प्रश्नापेक्षा दोन भावांतील अंतर वाढेल की घटेल, हा प्रश्न येथे महत्त्वाचा असतो.

संगणकाच्या पडद्यावर हा प्रकार नवा भासत असला, तरी त्यामागील हिशोब जुनाच आहे. दिल्लीतील लॉरेन्स रोडवरील कडधान्यांच्या बाजारात किंवा जुन्या दिल्लीच्या नया बाजारात व्यापारी सुगीच्या दिवसांत धान्य घेतो, गोदामात ठेवतो आणि काही महिन्यांनी विकतो. आजचा भाव, पुढचा भाव आणि मधल्या काळाचा खर्च या तीन आकड्यांवर त्याचा नफा अवलंबून असतो. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील हापूड हे गावही मोहरी आणि गुळाच्या वायद्यांसाठी ओळखले जाई. पुढे, डिसेंबर २००३ मध्ये एनसीडीईएक्स हा इलेक्ट्रॉनिक वायदे बाजार सुरू झाला. त्याच्या हरभऱ्याच्या करारात सुरुवातीच्या काळात दिल्ली हेच मूळ वितरण केंद्र होते.

हिशोब फरकाचा

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, हरभऱ्याच्या चालू महिन्याच्या वायद्याचा भाव क्विंटलला ५,००० रुपये आहे आणि तीन महिन्यांनंतरच्या वायद्याचा ५,२०० रुपये. व्यापाऱ्याने जवळचा करार खरेदी करून माल ताब्यात घ्यावयाचा आणि दूरचा करार विकून तोच माल पुढे द्यावयाचा, असा बेत आहे. गोदाम-पावतीच्या तारणावर वार्षिक ९ टक्के दराने पैसा मिळाला, तर तीन महिन्यांचे व्याज ११२ रुपये ५० पैसे होते. गोदामभाडे व विमा ४५ रुपये धरला, तर एकूण खर्च १५७ रुपये ५० पैसे. भावातील अंतर २०० रुपयांचे असल्याने क्विंटलमागे ४२ रुपये ५० पैसे शिल्लक राहतात. १० टनांच्या, म्हणजे १०० क्विंटलच्या एका करारावर ही रक्कम ४,२५० रुपये होते. कर आणि दलाली येथे सोयीसाठी वगळली आहे.

आता खरी अडचण पाहू. व्यापाऱ्याने पहिला करार ५,००० रुपयांना घेतला आणि दुसरा विकण्याआधीच दूरचा भाव ५,१५० वर घसरला, तर अंतर अवघे १५० रुपये उरते. खर्च मात्र तितकाच राहतो. क्विंटलमागे साडेबेचाळीस रुपयांच्या नफ्याऐवजी साडेसात रुपयांचा तोटा पदरी पडतो. आणि दुसरा करार विकलाच गेला नाही, तर हा व्यापारी निव्वळ तेजीवाला ठरतो. एक पाय उचलला आणि दुसरा टेकलाच नाही, तर चालणाऱ्याची जी गत होते, तीच या सौद्याची होते.

दोन्ही किंवा एकही नाही

यावर इलेक्ट्रॉनिक बाजाराने शोधलेला उपाय साधा आहे: दोन्ही करारांचा मिळून एकच आदेश. ‘अंतर २०० रुपये किंवा अधिक मिळाले तरच दोन्ही व्यवहार करा, अन्यथा एकही नको,’ असे संगणकाला सांगता येते. मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजच्या डेरिव्हेटिव्ह्ज विभागात अशा दोन तरतुदी आढळतात. पहिलीत एकाच समभागाच्या किंवा निर्देशांकाच्या वेगवेगळ्या महिन्यांच्या ठरावीक जोड्यांचा सौदा थेट फरकाच्या किमतीत होतो. दुसरीत ग्राहक स्वतः दोन किंवा तीन करार निवडून त्यांचा एकत्रित आदेश देतो. हा आदेश तेथल्या तेथे जुळला नाही, तर रद्द होतो. तो प्रतीक्षेत राहत नाही.

शिकागो मर्कंटाइल एक्स्चेंजच्या ‘ग्लोबेक्स’ प्रणालीत याच्याही पुढचे पाऊल टाकलेले दिसते. तेथे ग्राहक आपल्या गरजेनुसार नवे स्प्रेड साधन घडवू शकतो. कोणते करार, त्यांपैकी कोणता खरेदीचा, कोणता विक्रीचा आणि त्यांचे परस्पर प्रमाण काय, एवढे त्याने कळवावयाचे. प्रणाली ती रचना नियमांत बसते की नाही हे तपासते, तिला स्वतंत्र ओळख देते आणि सर्व सभासदांच्या पडद्यावर ती प्रसिद्ध करते. साधन घडविणाऱ्यावर सौद्याचे बंधन नसते. तो बाजाराकडे भाव मागू शकतो आणि इतर कोणीही त्यात भाग घेऊ शकतो. सौदा होतो तो संपूर्ण रचनेच्या एका किमतीला. खात्यावर मात्र प्रत्येक लेग स्वतंत्रपणे नोंदला जातो. पुढील दक्षतेच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

दिल्लीत घडलेला पाया

भारतात या साऱ्याला वाट मिळाली ती दिल्लीतील निर्णयांमुळे. रोख्यांच्या वायद्यांवर १९६९ पासून बंदी होती. नोव्हेंबर १९९६ मध्ये सेबीने दिल्लीतील अभ्यासक डॉ. एल. सी. गुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मार्च १९९८ मध्ये या समितीने टप्प्याटप्प्याने डेरिव्हेटिव्ह्ज सुरू करण्याची शिफारस केली. त्याच वर्षी प्रा. जयंत वर्मा यांच्या गटाने जोखीम आणि मार्जिन यांची चौकट सुचविली. डिसेंबर १९९९ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. त्यानंतर जून २००० मध्ये मुंबईच्या दोन्ही शेअर बाजारांत निर्देशांकाचे वायदे सुरू झाले.

परस्परांना तोलून धरणाऱ्या दोन करारांची जोखीम एकट्या कराराहून कमी असल्याने त्यांना मार्जिनही कमी लागते. ही सवलत हाच अनेकांच्या दृष्टीने स्प्रेडचा मोठा लाभ होय.

तोल जातो तो क्षण

तथापि ही सवलत म्हणजे अभय नव्हे. जवळच्या महिन्याचा करार मुदतीच्या दिवशी संपतो आणि दूरचा एकटाच उरतो. सकाळी दोन पायांवर असलेला सौदा संध्याकाळी एका पायावर येतो. हे ध्यानी घेऊनच सेबीने ऑक्टोबर २०२४ मध्ये निर्देशांक डेरिव्हेटिव्ह्जसाठी नवे नियम जाहीर केले. त्यानुसार मुदत संपण्याच्या दिवशी, त्या दिवशी संपणाऱ्या करारांना मिळणारी ही सवलत फेब्रुवारी २०२५ पासून काढून घेण्यात आली. समभागांच्या करारांत आणखी एक बाब असते. ऑक्टोबर २०१९ पासून हे सर्व करार प्रत्यक्ष समभाग देऊन-घेऊन पुरे केले जातात. एका लेगची मुदत संपली, तर समभाग किंवा पूर्ण रक्कम उभी करण्याची वेळ येऊ शकते.

धोरणाची जोखीमही असते. हरभरा, मोहरी यांसह सात शेतमालांचे वायदे सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये स्थगित केले. व्यापाऱ्याचा हिशोब कितीही अचूक असला, तरी बाजारच बंद झाला तर ते साधन त्याच्या हाती राहत नाही.

सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत समभाग डेरिव्हेटिव्ह्जमध्ये व्यवहार करणाऱ्या दर १०० व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला. त्यांचा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. अशा बाजारात स्प्रेड हे जोखीम आवरण्याचे साधन आहे, जोखीम नाहीशी करण्याचे नव्हे.

म्हणून असा व्यवहार करू इच्छिणाऱ्या ग्राहकाने तीन गोष्टी आधी कागदावर मांडाव्यात. सर्व लेग एकाच आदेशात बांधले आहेत काय? प्रत्येक लेगची मुदत कोणत्या दिवशी संपते? आणि त्या दिवशी एकच लेग उरला, तर लागणारी रक्कम खात्यात आहे काय? तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तरच तो सौदा दोन पायांवर उभा आहे असे समजावे.