‘विक्रांत’ची प्रतिकृती : मापाचे आणि मेहनतीचे काम

विमानवाहू युद्धनौका ‘विक्रांत’ ४ मार्च १९६१ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली आणि १९९७ साली निवृत्त झाली. २००१ ते २०१२ पर्यंत ती मुंबई बंदरात संग्रहालय म्हणून उभी होती. शेवटी लिलाव झाला आणि २०१४ च्या अखेरीस मुंबईच्या दारूखान्यात तिची तोडणी सुरू झाली. भंगारात लोखंड वजनावर जाते, तेथे आठवणीचा भाव लागत नाही. परंतु याच जहाजाचे दोन फुटी हुबेहूब मॉडेल कोणी काट्यावर ठेवत नाही. त्यात प्लास्टिक, पितळ, धागा आणि गोंद एवढाच माल असतो. किंमत असते ती मापाची आणि हाताच्या मेहनतीची. सुतारकाम, पितळकाम, नक्षीकाम करणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांनी या हुनराकडे पाहावे, म्हणून हा लेख.

आधी साल ठरवा

गिऱ्हाईक नुसते ‘विक्रांत’ म्हणाले तर काम सुरू करू नये. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे त्याच नावाची नवी नौका दाखल झाली आहे. जुनीच हवी असेल तर कोणत्या सालची, हे लेखी घ्यावे. १९७१ च्या युद्धात तिच्यावर ‘सी हॉक’ आणि ‘अलिझे’ विमाने होती. ४ डिसेंबरला सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. तेव्हा विमाने वाफेच्या कॅटापल्टने फेकली जात. पुढच्या टोकाची वर चढणारी ‘स्की-जंप’ १९८० च्या दशकात सी हॅरियर विमानांसाठी बसवली गेली. स्की-जंप आणि सी हॉक एकाच मॉडेलवर दाखवले तर ते जहाज कोणत्याच सालचे राहत नाही. झेंड्याचेही तसेच. १९७१ चे नौदलाचे निशाण पांढऱ्यावर लाल क्रॉस आणि कोपऱ्यात तिरंगा असे होते. आजचे निशाण २०२२ पासूनचे आहे.

एकच माप, शेवटपर्यंत

विक्रांतची लांबी सुमारे २१३ मीटर. १:३५० या प्रमाणात ती ६१ सेंटिमीटर होते. ३९ मीटरची रुंदी ११ सेंटिमीटर भरते, १२ मीटरचे सी हॉक साडेतीन सेंटिमीटरचे आणि डेकवरचा खलाशी पाच मिलिमीटरचा. एक मीटर उंचीचा कठडा तीन मिलिमीटरपेक्षा कमी. नावपाट्या करणारे पितळ ॲसिडने कोरतात, त्याच पद्धतीने पातळ पत्र्यातून असे कठडे काढता येतात. सगळे माप बरोबर आणि विमान मात्र डोळ्याला शोभावे म्हणून थोडे मोठे, असे केले की जाणकार तेथेच बोट ठेवतो. आम्ही कापडवाले हे चांगले जाणतो. ताग्यात अर्धा मीटर कमी भरला तर गिऱ्हाईक भांडत नाही, दुसऱ्या दुकानात जाते.

डोलकाठीच्या तारांसाठी सुती धागा वापरू नये. त्याची लव या मापात दोरखंडाएवढी दिसते. २० डेनियरचा एकेरी नायलॉन तंतू सुमारे ०.०५ मिलिमीटर जाडीचा असतो. ३५० पटीने तो पावणेदोन सेंटिमीटरची तार झाला, म्हणजे अगदी योग्य.

समुद्र खोटा तर जहाज खोटे

जहाज समुद्रात दाखवायचे असेल तर पाण्याखालचा भाग करायचा नसतो. विक्रांत सुमारे ७.३ मीटर पाण्यात बसे, म्हणजे मॉडेलचे खालचे दोन सेंटिमीटर वगळायचे. जाड थर्माकोलमध्ये जहाजाच्या आकाराचा खाचा कापावा. वर पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भिजवलेला टिश्यू पेपर बसवून लाटा उठवाव्यात. वाळल्यावर निळा-हिरवा रंग, जहाजामागे घुसळलेल्या पाण्याचा फिकट पट्टा, फेसासाठी जवळजवळ कोरड्या ब्रशने पांढरा, आणि शेवटी चकचकीत वॉर्निशचे थर. पाणी चमकते, जहाज चमकत नाही. जहाजाचा रंग मॅटच असावा. जहाज आणि पाणी यांतली फट पारदर्शक ॲक्रिलिक जेलने बुजवावी.

लाटांनाही नियम आहे. दोन मीटरची लाट या मापात सहा मिलिमीटरच होते. बहुतेक हौशी लोक ती बोटभर उंच करतात आणि युद्धनौकेचे खेळणे होते. खोल समुद्रात जहाजामागे पसरणाऱ्या लाटांचा कोन साधारण ३९ अंशांचा असतो. वेग वाढला की नाळेपाशी उसळणारे पाणी आणि फेस वाढतो. विक्रांतचा मूळ वेग २५ नॉट होता. पण १९७१ मध्ये एका बॉयलरला तडा गेल्यामुळे तिला पूर्ण वेग घेता येत नव्हता. म्हणून त्या सालच्या मॉडेलमध्ये नाळेवर फेसाचा डोंगर नको. विमान उडवताना जहाज वाऱ्याकडे तोंड करते, म्हणून वाऱ्याच्या लाटा समोरून याव्यात आणि निशाण मागे फडकावे.

हिशेब मागू द्या

आमचा कारागीर येथेच मार खातो. मालाला किती लागले ते सांगतो, वर थोडी मजुरी लावतो आणि महिन्यांचे काम पडत्या भावात देऊन टाकतो. या कामात माल नगण्य असतो. रोजचे तास वहीत लिहावेत. समजा ४०० तास लागले आणि तासाचा दर १५० रुपये धरला, तर मजुरीच ६० हजार होते. माल, काचेची पेटी आणि वाहतूक वेगळी. सोबत कोणते फोटो व नकाशे पाहून काम केले त्याची यादी द्यावी. यादी पाहून गिऱ्हाईक घासाघीस कमी करते, कारण आपण कशाचे पैसे देतो ते त्याला दिसते. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी.

नवशिक्याने पूर्ण जहाज हाती घेऊ नये. वीतभर फळीवर समुद्राचा तुकडा आणि एक लहान गस्ती नौका करावी. माजी नौसैनिक, जहाज कंपन्यांची कार्यालये, नौकानयन शिकवणाऱ्या संस्था हे अशा मालाचे गिऱ्हाईक होऊ शकतात. त्यांच्यापैकी एखाद्या जाणत्याला तो नमुना दाखवावा आणि चुका विचाराव्यात. ज्या जहाजावर कोणी उमेदीची वर्षे काढली, ते आता पाहायला कोठे जाणार? त्याची नजर मॉडेलवर थांबली की कारागिराने आपला दर सांगावा, आणि तो कमी सांगू नये.