‘उद्यापासून’ किती वेळा लिहिलंत?

रोज रात्री दोन ओळी का होईना, डायरी लिहिता? मग कपाटात दोन-तीन वह्या भरलेल्या असतीलच. पण खरं सांगा, मागची पानं कधी उघडून वाचलीत? लिहायची सवय लागते, वाचायची लागत नाही. इथं एआय कामाला येऊ शकतं. फक्त त्याच्याकडून काय काम करून घ्यायचं, ते आधी ठरवा.

कल्पना तशी जुनी आहे. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या मुलांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायचं. काहींनी साध्यासुध्या विषयावर, काहींनी मनावरच्या मोठ्या घावाबद्दल. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या सहा महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतर त्यांनी लिखाणातले शब्द मोजणारं सॉफ्टवेअर बनवलं. त्यात दिसलं, की ज्यांच्या लिखाणात ‘कारण’, ‘लक्षात आलं’ असे शब्द दिवसागणिक वाढत गेले, त्यांना जास्त फायदा झाला.

आज हे काम चॅटजीपीटी किंवा जेमिनी तुमच्या फोनवर करतं. महिनाभराची पानं टाइप करा, नाहीतर मराठीत बोलून टाइप करून घ्या. ‘मी कसा माणूस आहे?’ असलं काही विचारू नका. विचारा, ‘उद्यापासून’ हा शब्द किती वेळा आला? कोणत्या वारी मी जास्त चिडतो? कोणती गोष्ट सुरू केली आणि पुन्हा तिचं नावच काढलं नाही? प्रत्येक उत्तरासोबत तारीख आणि माझंच वाक्य दे, असंही सांगा. मोजताना ते चुकतं, म्हणून वहीशी ताडून बघा.

आता आपल्या आखाडा बाळापूरकडचं बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद निघते. काढणी, शिजवणी, वाळवण... घरातला प्रत्येक हात रानात. त्या दिवसांत डायरीत नुसतं ‘आज अभ्यास झाला नाही’ एवढंच असेल, तर एआय तुम्हाला वेळेच्या नियोजनाचे पाच मुद्दे काढून देईल. त्याला हळद दिसणार नाही, कारण तुम्ही ती लिहिलीच नाही. म्हणजे तुमचा आळस सापडला असं समजायचं नाही. वहीत ‘कारण’ लिहायचं राहिलंय, एवढंच त्यातून कळतं.

भाषेचंही तसंच. ‘रूमवर करमंना’ हे तुम्ही गावाकडच्या आठवणीनं लिहिता. एआय त्याला कंटाळा म्हणेल, कदाचित नैराश्यही. ‘अभ्यास करायलो’चं ‘अभ्यास करत आहे’ करून देईल. तिथं सरळ नको म्हणा. शुद्धलेखन निबंधात बघू, डायरी आपल्या तोंडच्या भाषेतच राहू द्या.

आणि हो, दुसऱ्याचं गुपित त्यात टाकू नका. नावांऐवजी ‘क’, ‘ख’ लिहा. आपलं लिखाण एआयच्या प्रशिक्षणाला वापरू देण्याचा पर्याय सेटिंगमध्ये शोधून बंद करा. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनीच २०२५ मध्ये सांगितलंय, की डॉक्टर-वकिलाशी बोलताना असते तशी कायदेशीर गुप्तता या गप्पांना नाही.

पानांमध्ये सलग अंधारच दिसत असेल, तर फोन बाजूला ठेवून घरच्यांशी, मित्राशी, सरांशी-मॅडमशी बोला. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास सुरू असतो.

डायरी एआयला रोज दाखवू नका. रोज दाखवली, तर हळूहळू त्याला आवडेल असंच लिहायला लागाल. महिन्यातून एकदा पुरे. त्याचे प्रश्न वहीत उतरवून घ्या आणि उत्तरं पेननं, स्वतःच लिहा.