चवळीचे दाणे आणि सिकलसेलचे गणित

विज्ञान मंडळाचे विद्यार्थी म्हणून सिकलसेलवर आम्ही काढलेले पहिले भित्तिपत्रक देखणे होते, आणि जवळजवळ निरुपयोगी ठरले. विषय परका नव्हता. या आनुवंशिक आजारात तांबड्या रक्तपेशी प्राणवायू कमी पडताच विळ्याचा आकार घेतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना देतात. विदर्भातील आदिवासी व बौद्ध वस्त्यांतील अनेक कुटुंबांना त्याची चांगलीच ओळख आहे.

भित्तिपत्रकावर आम्ही लिहिले होते : माता-पिता दोघेही वाहक असल्यास चारपैकी एक अपत्य रुग्ण असते. पालकसभेस आलेल्या एका मातेने ते सावकाश वाचले आणि विचारले, “थोरला आजारी आहे, म्हणजे पुढच्या तिघांना काही नाही ना?” आम्ही निरुत्तर झालो. चूक त्यांच्या वाचनात नव्हती, आमच्या वाक्यात होती.

मग भोजनगृहातून मूठभर चवळी मागून आणली. दोन वाट्या घेतल्या, एक आईची, एक वडिलांची; प्रत्येकीत एक लाल आणि एक पांढरा दाणा. न पाहता प्रत्येक वाटीतून एकेक दाणा काढायचा, दाखवायचा आणि परत ठेवायचा. दोन्ही लाल आले तर मूल रुग्ण, एकच लाल आला तर वाहक, दोन्ही पांढरे आले तर दोषमुक्त. पुढच्या सभेत एका गृहस्थांच्या हाती लागोपाठ दोनदा दोन्ही लाल दाणे आले. सभा स्तब्ध झाली. प्रत्येक गर्भधारणेत शक्यता पुन्हा २५ टक्केच असते, हे मग निराळे सांगावे लागले नाही; दाणे वाटीत परत जाताना सर्वांनी पाहिले होते. धम्मवंदनेत ‘एहिपस्सिको’ आम्ही रोजच म्हणत होतो.

‘वाहक’ हा शब्दही फसवा. डास हिवतापाचा वाहक, तेव्हा सिकलसेलचा वाहकही रोग पसरवीत असणार, अशी समजूत आम्ही स्वतः ऐकली. तीपायी मुलींच्या सोयरिकी अडतात. म्हणून आम्ही प्रथम हेच सांगू लागलो की हा आजार स्पर्शाने वा अन्नपाण्याने पसरत नाही, वाहक व्यक्ती सहसा निरोगी आयुष्य जगते, आणि विवाहापूर्वी तपासणी मुलीची तशीच मुलाचीही व्हावी. प्राथमिक विद्राव्यता चाचणी दोष आहे एवढेच दाखवते. वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढील तपासणीतून कळते.

औषधाविषयी लिहिताना लेखणी अधिक जपून चालवावी लागली. हायड्रॉक्सीयुरियावरील १९९५ च्या अमेरिकी अभ्यासात २९९ प्रौढ रुग्ण होते. वेदनेच्या झटक्यांचे वार्षिक मध्यक प्रमाण औषध न घेणाऱ्यांत ४.५, तर घेणाऱ्यांत २.५ आढळले. आमच्या मसुद्यात प्रथम ‘आजार निम्म्याने बरा होतो’ असे उतरले होते. ते खोडून आम्ही लिहिले : झटके कमी होतात, आजार राहतो, औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त वेळोवेळी तपासत घ्यावे लागते. हे वाक्य पहिल्याइतके आकर्षक नव्हते. भित्तिपत्रकावर तेच लागले.